सागवानी खांबाला सालईची पानं

घर बांधून झालं की माणसाला दोन गोष्टी सुचतात. एक वास्तुशांत आणि दुसरी कोर्टकचेरी. पहिलीचं जेवण दोन दिवसांत पचतं, दुसरीचं वर्षानुवर्षं पचत नाही. ही माझी तक्रार नव्हे बरं का. याच अपचनावर माझा संसार चालला.

मी चांद्याला वकिली केली. आता त्याला चंद्रपूर म्हणतात, पण मी सांगतोय त्या पन्नासच्या दशकात ते चांदाच होतं आणि गडचिरोली हा त्याचा वैनगंगेपलीकडचा तालुका. खुनाचे, दरोड्याचे खटले मोठ्या वकिलांकडे जायचे. माझ्याकडे भिंती यायच्या. भेगा पडलेल्या भिंती, गळणारी छपरं, न लागणारी दारं. बाररूममधले मित्र मला 'गवंडी वकील' म्हणायचे. म्हणोत बापडे. खुनाच्या खटल्यात मेलेला माणूस काही सांगत नाही, भिंत मात्र सगळं सांगते, विचारणारा पाहिजे.

घरमालक आणि ठेकेदार भांडत कोर्टात आले की न्यायाधीश काही उठून घर बघायला जात नाहीत. ते एखाद्या तिऱ्हाईत वकिलाला कमिशनर नेमून पाठवतात. कमिशनर म्हणजे मोठा साहेब वगैरे काही नाही. मोजायची फीत, एक कंदील, कागदांची पिशवी आणि स्वतःच्या घरची भाकर घेऊन बैलगाडीत बसणारा माणूस. भाकर स्वतःचीच, कारण मालकाकडे चहा प्यायलात तर ठेकेदार बोंब मारणार आणि ठेकेदाराचं पान खाल्लंत तर मालक. मी तर पाण्याचा फिरकीचा तांब्याही घरून न्यायचो. जाऊन बघायचं, मोजायचं, दोघांचं ऐकायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. काय असावं, काय नसावं, हे लिहायचं नाही. मला हे शेवटचं फार जड जायचं, कारण मुळात स्वभाव चौकस. चौकस म्हणजे आमची बायको ज्याला भोचक म्हणते तो.

एकदा मूलकडच्या गावात ओसरीवरून भांडण झालं. करार 'नऊ हात रुंद' असा. मालक ताडमाड उंच, मिस्त्री बुटका. मिस्त्रीने स्वतःच्या हातांनी मोजली, बरोबर नऊ भरली. मालकाने मोजली, सातातच संपली. दोघांनी माझ्यासमोर मोजून दाखवलं आणि दोघंही खरे! आता करारातला हात कोणाचा? अहवाल वाचून आमचे न्यायाधीश बराच वेळ स्वतःचाच हात टेबलावर पसरून बघत बसले होते.

दुसऱ्या एका घराचं छप्पर गळत होतं. आमच्याकडे घरावर कवेलू, म्हणजे कौलं. दर उन्हाळ्यात ती काढून पुन्हा नीट रचावी लागतात. त्याला घर फेरणं म्हणतात. मालक म्हणे, ठेकेदाराने कवेलू चुकीचे रचले. ठेकेदार म्हणे, माझ्या दहा पिढ्या कवेलू रचून राह्यल्या. मी दुपारी माळ्यावर जाऊन बसलो तर डोक्यावर धाडधाड! मालकाचा म्हातारा चुलता रोज दुपारी छपरावर मूठमूठ फुटाणे फेकत होता, मारुतीच्या वानरांसाठी. वानरं एकेक कवेलू उचलून खालचे फुटाणे शोधत होती. 'गळतीचे कारण भक्ती' असं मी अहवालात लिहिलं, तर मालकाचा वकील म्हणतो, धार्मिक भावना दुखावल्या!

असो. पण ज्यासाठी ही लेखणी उचलली ते प्रकरण निराळं. ते शामरावभाऊंच्या खांबाचं.

शामरावभाऊ आलापल्लीच्या सरकारी लाकूड डेपोत कारकून होते. सगळी नोकरी सागवान मोजण्यात गेली. लाकडाचा लठ्ठा, म्हणजे ओंडका, बघितला की हा किती जुना, कुठल्या डोंगराचा, आत पोकळ की भरीव, ते सांगायचे. निवृत्त व्हायच्या सुमारास त्यांनी वैनगंगेपलीकडच्या आपल्या गावात जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायला काढलं. अट एकच, घरात सागाशिवाय दुसऱ्या लाकडाची काडी नको. लिलावात स्वतः निवडलेलं सागवान गाड्यांनी पाठवलं आणि काम दिलं चांद्याच्या रशीदभाई मिस्त्रींना. भाऊ स्वतः आलापल्लीला डेपोत अडकलेले. गावी त्यांची बायको गिरजाबाई एकटी. रशीदभाईंनी हिवाळ्यात काम धरलं, उन्हाळ्यात पुरं केलं. भाऊ निवृत्त होऊन आले, घर बघितलं, खूश झाले.

मग पावसाळा लागला आणि ओसरीवरच्या एका खांबाला पानं फुटली.

हो, पानं. चांगला रंधा मारलेला, तेलपाणी केलेला चौकोनी सागवानी खांब, आणि त्याच्या सांध्यातून हिरवी कोवळी डहाळी बाहेर! सगळं गाव बघायला जमलं. भाऊंनी एक पान खुडून बोटांत चुरगळलं. धुपासारखा वास आला. सालई! जंगलात काम केलेल्या माणसाला वासावरून कळायला कितीसा वेळ लागतो? सालईचं लाकूड हलकं, ओलं, खोकी करायच्या लायकीचं. तिची ताजी फांदी जमिनीत रोवली तर मुळं धरते. भाऊंनी फट निरखली. वर चारही बाजूंनी सागाच्या फळ्या, आत सालईचा सोट. म्हणजे मिस्त्रीने सागाचा एक खांब गिळला आणि सालईला सागाचा अंगरखा चढवला. ही लबाडी आमच्या धंद्यात जुनीच. भिंतीत, तुळईत, चौकटीत, कुठेकुठे बघितलीय मी ती.

भाऊंनी दावा ठोकला. पैसे मागितले नाहीत. 'खांब काढून त्या जागी सागाचा लावून द्यावा आणि मिस्त्रीने फसवले हे कोर्टाने लिहून द्यावे,' एवढंच. आणि इथेच रशीदभाईंच्या गळ्याशी आलं. मिस्त्रीचं भांडवल म्हणजे त्याचं नाव. 'सागाच्या पोटात सालई घालणारा' असं एकदा कोर्टाच्या कागदावर आलं की चांदा जिल्ह्यात त्याला कोण कोंबड्याचं खुराडं तरी बांधायला देईल? तसा तो बोभाटा आधीच सुरू झाला होता. दोन ठरलेली कामं हातची गेली होती.

तरी हा बाबा कोर्टात काय म्हणाला? काही नाही! मुळीच काही नाही. मी चोरी केली नाही, एवढं एकच वाक्य. मग फळ्यांच्या आत सालई कशी आली? गप्प. त्याचा वकील कपाळाला हात लावून बसला. न्यायाधीश म्हणाले, खांब बदलून तरी देतोस? तर म्हणतो, "साहेब, ते माझ्याच्यानं होनार नाई."

भाऊंच्या वकिलाने तातडीचा अर्ज दिला की, थंडी पडली की सालईची पानं गळतात, म्हणजे पुरावाच गळून जाईल. तेव्हा पानं आहेत तोवर कमिशनर पाठवावा. इतका सुंदर अर्ज मी जन्मात वाचला नाही. दसरा होताच मी निघालो. हुकमात स्पष्ट होतं, गरज पडल्यास फळी काढून आत बघावं.

नदीपर्यंत मोटार, नदी डोंग्यातून, पुढे बैलगाडी. रशीदभाई माझ्याच डोंग्यात होते. बारीक अंगाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. पलीकडे उतरेपर्यंत ते पाण्याकडे बघत होते. डोंगा वल्हवणारा ढिवर त्यांना ओळखत होता. म्हणाला, "काऊन मिस्त्री, झाड लावून राह्यले म्हंते घरात?" आणि मोठ्यांदा हसला. रशीदभाई हसले नाहीत. मला त्यांचा थोडा रागच आला. बोल की माणसा, तोंडात काय गुळणी धरलीयस?

घर मात्र देखणं होतं. खरं सांगतो, इतकं नेटकं सुतारकाम मी त्या भागात दुसरं बघितलं नाही. ज्याने दरवाजाच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या अंगालाही रंधा मारलाय, तो माणूस पुढच्या ओसरीवर चोरी करेल? मनात ही पाल चुकचुकली. पण मनातलं लिहायचं नसतं, म्हणून फीत काढली.

शामरावभाऊ पुढे पुढे. "हे पाहा वकीलसाहेब. हे पान पाहा. मी चाळीस वर्सं साग मोजला अन् माह्याच घरात मले सालई! मले!" गिरजाबाई दारात उभ्या. त्यांनी चहाचं विचारलं, मी नेहमीप्रमाणे नाही म्हटलं. त्या आत गेल्या नाहीत. दाराची चौकट धरून तिथेच उभ्या राहिल्या.

मी खांबाखालून सुरुवात केली. ओसरीवरचे सगळे खांब दगडी बैठकीवर उभे होते. लाकूड थेट मातीत गेलं तर वाळवी लागते, म्हणून प्रत्येक खांबाखाली घडीव दगड ठेवतात. या एका खांबाखाली दगड नव्हता. तो सरळ जमिनीत गेला होता. आणि गंमत म्हणजे ओसरीची फरशी त्याच्याभोवती हळुवार गोल कापून बसवलेली होती, मध्ये पाणी मुरायला जागा ठेवून. माती ओली होती. पाऊस तर कधीच थांबला होता.

मग अंतरं मोजली. बाकीचे खांब सारख्या अंतरावर. हा दोघांच्या अधेमधेच, कुठल्याच हिशेबात न बसणारा. म्हणजे हा वगळला तरी खांब पुरे होते! शिडी घेऊन वर चढलो. खिशातलं पोस्टकार्ड खांबाच्या माथ्यावर धरलं आणि ढकललं. इकडून गेलं ते तिकडून निघालं. खांब तुळईला टेकतच नव्हता. त्याच्यावर रतीभर वजन नव्हतं.

मी शिडीवरच बसून राहिलो. आता तुम्हीच सांगा, चोर चोरी करायला येतो आणि घरात भर टाकून जातो काय? सागाचा खांब वाचवायचा म्हणून सालई लावावी, तर इथे सगळे सागाचे खांब जागच्या जागी होते आणि वर चार फळ्या जास्तीच्या खर्च झालेल्या. हा खांब मिस्त्रीने उभा केलेलाच नव्हता. तो इथे आधीपासून होता. घर त्याच्या भोवती बांधलं होतं. पण का? माझ्या डोक्यात नुसती भिंगरी फिरायला लागली.

खाली उतरून मी विचारलं, "भाऊ, जुनं घर होतं तेव्हा इथे काय होतं?"

"इथी? इथी आंगन होतं. कायले?"

"अंगणात काही झाड? गोठ्याचा खुंटा? काही?"

"काई नोयतं. मोकळं आंगन." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही फळी काढा ना! आत पाहा ना! भलतंसलतं काऊन विचारून राह्यले?"

मी रशीदभाईंना म्हणालो, "मिस्त्री, फळी तुम्हीच लावलीत, तुम्हीच काढा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नाई काढत साहेब. तुमी मले जेलात घाला." आणि ते बोलताना त्यांनी दाराकडे बघितलं. फक्त एकदा. मी पण बघितलं. गिरजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

तेवढ्यात भाऊ आतून पहार घेऊन आले. मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी फळीत टोक घातलं आणि दाबलं. खिळे करकरले. गिरजाबाई ओरडल्या, "आवो नोका! तुमच्या पाया पडतो, नोका!" फळी सुटून ओसरीवर आपटली.

आत सालईचा सोट होता, सालीसकट, जिवंत. छातीच्या उंचीवर त्याला सुताचे वेढे होते. सूत कधीकाळी पिवळं असावं. त्यात एक सुरकुतलेलं हळकुंड अडकलेलं होतं. खाली सालीवर हळदीच्या हाताचा पुसट ठसा. मोठा, पुरुषाचा पंजा.

आमच्या झाडीपट्टीत लग्नाच्या मांडवाची मधली मेढ, म्हणजे मुख्य खांब, सालईची असते. मुलीचा बाप जंगलातून आणतो, स्वतः खड्डा खणतो, स्वतः रोवतो आणि हळदीचा हात लावतो. मेढीला पालवी फुटली तर पोरीचा संसार फुलला म्हणतात. इथल्या कुणालाही ती बघताक्षणी ओळखू येते. भाऊंना तर कुणी काही सांगायची गरजच नव्हती. पहार त्यांच्या हातातून गळून पडली.

पुढचं मला गिरजाबाईंनी सांगितलं, तिथेच, चौकटीला धरून. एकुलती मुलगी होती, सुमन. बांधकामाच्या आदल्या वैशाखात त्याच अंगणात तिचं लग्न झालं. त्याच पावसाळ्यात सासरी हिवतापाने गेली. नद्यांना पूर, आलापल्लीला निरोप पोचून भाऊ येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. आल्यावर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. या घरात तिचं नाव काढायचं नाही, आणि त्या मांडवाचं चिंधुकही ठेवायचं नाही, मेढसुद्धा उपटून टाकायची. सांगून नोकरीवर परत गेले.

"अन् मी उपटाले गेली त तिले पान आलं होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरगी गेली अन् मेढीले पान! मी कशी उपटू? तुमीच सांगा वकीलसाहेब, कशी उपटू?"

मी फीत गुंडाळून पिशवीत टाकली.

थंडीत मेढीची पानं गळली, नुसती वाळकी काठी दिसायला लागली. मग रशीदभाई पाया खणायला आले. बाईंनी त्यांना हात जोडले. मालक येतील तेव्हा मेढ दिसली तर तोडतील. तुमच्यापरीने लपवा आणि कुणाला सांगू नका. मिस्त्रीने तिला सागाच्या फळ्यांत झाकली, वाढायला आत जागा ठेवली, पाण्याला खाली वाट ठेवली. बाई रोज सकाळी तुळशीबरोबर तिलाही तांब्याभर पाणी घालत होत्या.

"मीच सांगनार होती, दावा लागला तवा," त्या म्हणाल्या. "यायले सांगाले तोंडच नाई उघडलं. अन् मिस्त्रीदादा म्हने, बाई, माहं मी पाहून घेईन."

शामरावभाऊ मेढीकडे बघत उभे होते. मग त्यांनी आपला पंजा हळूच त्या ठशावर ठेवला. बरोबर बसला.

"रशीदभाई," ते वळून न बघताच म्हणाले, "कोर्टात काऊन नाई सांगतलं?"

"बाईले जबान देल्ली होती, भाऊ."

"तुमचं नाव बुडून राह्यलं होतं ना!"

रशीदभाई ओशाळल्यासारखे झाले. "मलेबी एक पोरगी हाय, भाऊ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आम्ही तिघं पुरुष ओसरीवर बसलो. गिरजाबाईंनी चहा आणून ठेवला. कमिशनरने पक्षकाराच्या घरचा चहा घ्यायचा नसतो. मी घेतला.

अहवालात मी जे दिसलं तेवढंच लिहिलं. खांब बांधकामापूर्वीचा, त्याच्यावर भार नाही, मिस्त्रीने ठरलेले सर्व खांब सागाचेच लावले आहेत. कोणाची मेढ, कोणाची पोर, यातलं एक अक्षर नाही. ते माझं काम नव्हतं आणि कोर्टाच्या दप्तरात ते नाव मी का नेऊन टाकावं?

तारखेला शामरावभाऊ स्वतः उभे राहिले. दावा मागे घेतो म्हणाले. चांद्याचे चारपाच ठेकेदार मुद्दाम ऐकायला येऊन बसले होते. भाऊ त्यांच्याकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "या मिस्त्रीनं मले फसवलं नाई. तो खांब माहाच हाय. मीच रोवला, माह्या हातानं. माह्या सुमीच्या लग्नात."

गिरजाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकलं. मुलगी गेल्यापासून नवऱ्याच्या तोंडून तिचं नाव त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

मग रिवाजाप्रमाणे न्यायाधीशांनी विचारलं, "म्हणजे ठेकेदाराच्या कामाबद्दल आता तुमची काहीच तक्रार नाही, असं लिहू?"

"एक हाय, साहेब," भाऊ म्हणाले.

सगळं कोर्ट चमकून बघायला लागलं. रशीदभाईंचा चेहरा उतरला.

"त्यायनं वर कवेलू लावले," भाऊ म्हणाले. "झाडाले वर जागा नाई. तेवढे कवेलू काढून द्या म्हना."

रशीदभाई जागेवरून उठले. "उद्याच येतो, भाऊ," म्हणाले.

न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं.